डॉक्टरांचं तळं

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. दिवाळी अंकासाठी काही लिहा असा आग्रह झाला की मी तबेल्यातल्या चावऱ्या घोड्याची गोष्ट लिहून देत असे, नाहीतर शिकारीला आलेल्या पाहुण्यांच्या फजितीची. लोकांना त्या आवडत. सांबरांबद्दल कोणी विचारलं तर मी चहा मागवायचो आणि विषय बदलायचो.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका स्मरणिकेत माझा फोटो छापून आला. गवळ्यांच्या म्हशींनी जंगलात आणलेल्या रोगातून ज्यांनी सांबरं वाचवली ते हे डॉक्टर, असं खाली लिहिलं होतं. लिहिणारा मुलगा चांगला आहे, त्यानं जे ऐकलं ते लिहिलं. पण त्या एका वाक्यात दोन गोष्टी खोट्या आहेत, आणि हे माहीत असलेला माणूस आता मी एकटा उरलो आहे. मी ऐंशीच्या घरात आहे. माझ्यानंतर ते वाक्यच खरं ठरेल. तेव्हा लिहून टाकतो.

मी मूळचा श्रीवर्धनचा. सुपारीच्या वाडीत वाढलो, मुंबईला जाऊन गुरांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि किनाऱ्यावरच्या एका छोट्या संस्थानात नोकरीला लागलो. संस्थानाचं नाव सांगत नाही. ती माणसं गेली, पण त्यांची नातवंडं आहेत. १९२५ नंतरची आणि १९३५ च्या आतली ही हकीकत. जुने लोक मला सलोतरी म्हणत, म्हणजे घोड्यांचा वैद्य. बाकीचे सरळ ढोरांचा डॉक्टर म्हणत. माझ्याकडे तबेल्यातले घोडे होते, शिकारी कुत्रे होते, शिकारखान्याचे ओझ्याचे बैल होते, आणि कोणी उघड बोलून दाखवलं नसलं तरी राखीव जंगलातली सांबरंही माझ्याकडेच होती. पाहुण्यांनी बार टाकला की समोर काहीतरी पडलं पाहिजे, आणि जे पडेल ते दिसायला चांगलं पाहिजे, एवढी ती जबाबदारी.

त्या कामात गमतीही होत्या. एकदा एका पाहुण्या ठाकूरसाहेबांच्या विलायती कुत्र्याच्या नाकातून रक्त गळू लागलं. साप चावला म्हणून सगळे धावले. एक म्हणे देवीचं आहे, दुसरा म्हणे नजर लागली. मी कुत्र्याला सकाळभर पाणी देऊ दिलं नाही. ठाकूरसाहेब माझ्यावर इतके चिडले, की बंदूक जवळ नव्हती हे माझं नशीब. दुपारी पाण्यानं काठोकाठ भरलेली परात त्याच्या नाकाखाली धरली. पाण्याचा वास येताच नाकपुडीतून एक काळी जळू हळूच डोकावली आणि मी ती चिमट्यात पकडली. ओढ्यावर पाणी पिताना ती आत शिरली होती आणि तिथेच सुखात राहत होती. ठाकूरसाहेबांनी विचारलं, की ती कुत्र्याला मारणार होती का? मी सांगितलं, मुळीच नाही. तिला कुत्रा जिवंतच हवा होता.

बाहेरच्या वाचकाला माझ्या धंद्यातलं एवढं कळलं तरी पुरे. जळू, गोचीड, जंत ही सगळी भाडेकरू मंडळी, आणि घर पाडणारा भाडेकरू विरळा. रानातलं प्रत्येक सांबर पोटात थोडे जंत बाळगून असतं आणि तरी धष्टपुष्ट असतं. ते रोज नव्या जागी चरतं, नव्या जागी लेंड्या टाकतं. लेंड्यांतली जंतांची अंडी उन्हात वाळतात, पावसात वाहून जातात, आणि त्याच जनावराच्या तोंडात पुन्हा येण्याचा योग कमी येतो. हिशोब बिघडतो तो जनावरं एका जागी गोळा झाली म्हणजे.

सांबराची तब्येत कशी ओळखायची हेही सांगतो, कारण पुढे त्याचं काम आहे. वैशाखात सांबर बारीक दिसलं तर घाबरायचं कारण नाही, तेव्हा गवतच नसतं. पण पावसाळा संपवून, पोटभर चरून आलेलं सांबर मार्गशीर्षात बारीक दिसलं तर काहीतरी बिघडलं आहे. पाठीचा कणा वर आलेला असतो, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडलेले असतात, केसांना तकाकी नसते. जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबत असेल तर मामला फारच पुढे गेला. जनावर मेल्यावर मूत्रपिंडाभोवतीची चरबी पाहायची. निरोगी सांबराचं मूत्रपिंड पांढऱ्या चरबीत बुडालेलं असतं. ती चरबी नाही आणि हाडातला मगज लालसर पातळ झालेला, म्हणजे ते जनावर कित्येक दिवस स्वतःचंच अंग खाऊन जगत होतं.

आता तळ्याची गोष्ट.

आमचे कारभारीसाहेब, म्हणजे शिकारखान्याचे प्रमुख, यांची तक्रार अशी की सांबरं दऱ्यांमध्ये पांगलेली असतात आणि पाहुण्यांना तंगडतोड करावी लागते. मी नवा होतो, हुशारी दाखवायची हौस होती. मचाणाच्या खालच्या बाजूला एक ओढा होता, उन्हाळ्यात आटायचा. मी म्हटलं, इथे बंधारा घाला, पाणी वर्षभर राहील, आणि काठावर मिठागरातलं मीठ टाका. सांबराला पाणी आणि चिखल हवा असतोच, आणि मिठाचा ते हावरटासारखा शोध घेतं. कारभारीसाहेबांना कल्पना पसंत पडली. शिकारखान्याच्या बैलांनी दगड वाहिले, मग मिठाच्या गोणी वाहिल्या. पाणी साठलं, पूजा झाली, नारळ फुटला. सांबरं येऊ लागली. काठावरचं कोवळं गवत खायची, चिखलात लोळायची, मीठ चाटायची. पाहुणे खुर्चीत बसून ती पाहू लागले. तळ्याला लोक डॉक्टरांचं तळं म्हणू लागले. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

त्या जंगलाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धाकू झोरे नावाचा गवळी धनगर राहत होता. त्याचं कुटुंब आणि म्हशींचा कळप. तिथे चरण्याची परवानगी त्याच्या आज्यापासूनची. त्याची माणसं रोज डोक्यावर दुधाची भांडी घेऊन खाली किनाऱ्यावरच्या गावांत यायची. धाकू वयानं माझ्या वडिलांएवढा, पण मी कचेरीतला माणूस म्हणून त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो. त्याच्या घराजवळ वाघोबाचा एक शेंदूर लावलेला दगड होता. म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस त्या दगडापुढे ठेवल्याशिवाय घरात कोणी चाखायचं नाही, अशी त्यांची रीत. दुसरा वाटा माझ्याकडे यायचा. धाकू म्हणायचा, “पैला वाघोबाचा, म्हंजी त्यो म्हशी खात न्हाय. दुसरा डाक्तरचा, म्हंजी त्यो आमाला खात न्हाय.” आणि स्वतःच हसायचा.

तळ्याला तीन-चार पावसाळे झाले आणि सांबरं अंगानं उतरू लागली. आधी मला वाटलं गोचिडांनी. कानांत गोचिडांचे घोसच्या घोस दिसायचे. पण अशक्त जनावरावर गोचीड वाढतातच, ते कारण नसून परिणाम असतो, हे मला कळायला हवं होतं. मग एका हिवाळ्यात मोठी शिकार ठरली. पाहुण्यांत बाहेरचे एक सरदार होते. त्यांनी एक दांडगा नर पाडला. शिंगं बघत राहावीत अशी. सगळे जवळ गेले. खाली नुसता सांगाडा होता, वर कातडं वाळत घातल्यासारखं. जबड्याखाली पिशवी लोंबत होती. सरदारांनी बुटानं ते डिवचलं आणि विचारलं, “कारभारी, तुमच्या संस्थानात सांबरांनाही उपास धरायला लावता काय?”

लोक हसले. कारभारीसाहेबांचा चेहरा पाहवेना. त्यांनी मला तिथेच सांबर फाडायला सांगितलं. मी यकृत कापलं, म्हणजे मटणवाले ज्याला काळीज म्हणतात ते. आतल्या पित्ताच्या नळ्या चुन्यासारख्या घट्ट झालेल्या, आणि त्यांतून चपटे किडे बाहेर आले, कोवळ्या पिंपळपानासारखे, जिवंत, आकसणारे. मी ते ओळखले. शिकताना खाटकाकडच्या गुरांत पाहिले होते. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मी म्हणालो, “हा रोग गुरांचा असतो.”

एवढंच वाक्य. ते खोटं नव्हतं. पण कारभारीसाहेबांनी मान वर केली, सड्याच्या दिशेला पाहिलं, आणि मला तेव्हाच समजलं की ते वाक्य आता माझं राहिलं नाही.

त्यानंतरचे काही महिने मी जितक्या जिद्दीनं काम केलं तितकं आयुष्यात पुन्हा केलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. उलट खरं काय ते मला माहीत नव्हतं अशी पळवाट कोणी माझ्यासाठी काढू नये म्हणून सांगतो. हा किडा एका जनावराकडून दुसऱ्याकडे सरळ जात नाही. त्याची अंडी शेणातून पाण्यात पडतात. तिथे फुटून ती पाण्यातल्या एका लहान गोगलगाईच्या अंगात शिरतात. तिच्यातून शेपटीचे सूक्ष्म जीव होऊन बाहेर पडतात, काठावरच्या गवताला चिकटतात, आणि ते गवत जो खाईल त्याच्या काळजात घर करतात. साचलेलं पाणी, गोगलगाय आणि काठावरचं गवत, ही तिन्ही हवीत. पुस्तकात हे विलायती मेंढ्यांबद्दल लिहिलेलं होतं. आपल्याकडे ते तसंच घडतं का, हे मला पाहायचं होतं.

मी शेण गोळा करत फिरू लागलो. माझ्याबरोबर शिकारखान्याचा जमादार इस्माईल असे. मुरलेला माणूस, कमी बोलणारा. शेण पाण्यात कालवायचं, गाळायचं, पेल्यात निवळू द्यायचं, आणि तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. किड्याची अंडी असली तर पिवळीधमक दिसतात. धाकूकडे गेलो तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. “लोक माज्याकडं दुधाला येत्यात, तुपाला येत्यात. शेण मागाया आल्यालं तुमीच पैलं. घ्या, याला पानी घालत न्हाय आमी.” त्याला वाटत होतं की सांबरं वाळताहेत ती वाघोबाच्या कोपानं. शिकारखान्यानं बिबळे मारून काढले, म्हणून देव रुसला. मी त्याला हसलो.

धाकूच्या म्हशींचं शेण स्वच्छ निघालं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, वेगवेगळ्या म्हशींचं पाहिलं. सड्यावर पाणी वाहतं होतं, साचत नव्हतं. त्याच्या म्हशी तळ्याकडे कधी उतरल्याच नव्हत्या, कारण मचाणाच्या बाजूला त्यांना मनाई होती. सड्याजवळ वावरणाऱ्या सांबरांच्या लेंड्याही स्वच्छ. आणि तळ्याकाठच्या लेंड्यांत जिकडे पाहावं तिकडे पिवळी अंडी. मी तळ्याच्या चिखलातल्या गोगलगाई आणल्या, एक चिरडून पाण्याच्या थेंबात ठेवली. शेपट्या हलवणाऱ्या जीवांनी तो थेंब नुसता वळवळत होता.

मग प्रश्न उरला की किडा तळ्यात आला कुठून. त्याचं उत्तर तबेल्यामागेच बांधलेलं होतं. ज्या बैलांनी दगड आणि मीठ वाहिलं, जे दिवसचे दिवस त्या पाण्याकाठी उभे राहिले, त्यांचं शेण मी पाहिलं. त्यात अंडी होती. हे बैल नोकरीवर घेताना तपासून निरोगी ठरवले होते ते मीच. त्यांचे दात पाहिले होते, खूर पाहिले होते. शेण पाहिलं नव्हतं.

म्हणजे बैल मी पास केले, तळं मी सुचवलं, मीठ मी टाकायला लावलं. सांबरांना मीच एका जागी गोळा केलं होतं आणि मीच त्यांना ते गवत वाढलं होतं.

काचेच्या बरणीत गोगलगाई घेऊन मी कारभारीसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. बरणी हातात घेऊन उजेडात पाहिली.

“हे गोगलगाईंचं पुराण मी वर जाऊन सांगू?” ते म्हणाले. “तळ्याची पूजा खुद्द महाराजांच्या हातून झाली. आता त्यांना सांगू की याच पाण्यानं सांबरं मारली? ते विचारतील, बैल कोणी तपासले होते. कोणी तपासले होते, डॉक्टर?”

“मी.”

“मग झालं तर.” त्यांनी बरणी माझ्या हातात परत दिली. “तळं राहील. गवळी जातील. तुम्ही पाहुण्यांसमोर जे बोललात तेच पुन्हा बोलायचं. जास्त नाही, कमी नाही.”

मी नुकता संसाराला लागलो होतो, आईवडील माझ्याकडे राहायला आले होते. हे सांगतो ते सबब म्हणून सांगत नाही. धाकूचाही संसार होता.

सुनावणी कचेरीच्या अंगणात झाली. धाकू मुंडासं काढून, ते हातात धरून उभा होता. परवानगी का काढून घेऊ नये, असं त्याला विचारलं गेलं. तो कारभारीसाहेबांना सोडून माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी किती शेण नेलं होतं ते त्याला ठाऊक होतं, त्यामुळे त्याचा माझ्यावर पुरा भरवसा होता.

“डाक्तर, तुमी समदं बगितलंय. माज्या म्हशींना रोग हाय का न्हाय, तेवडं सांगा.”

मी म्हणालो, “हा रोग गुरांचा असतो.”

तो थांबला. मी आणखी काही बोलेन असं त्याला वाटलं असावं. मी बोललो नाही. मग त्यानं मुंडासं पुन्हा डोक्याला गुंडाळलं, सावकाश, नीट पीळ देऊन, आणि निघाला.

पाऊस लागायच्या आत त्यांनी सडा सोडला. म्हशी बाजारातून खाली नेल्या. धाकूची बायको घुसळखांबाचा तुकडा डोक्यावर घेऊन पुढे चालत होती. लोक दारांत उभे राहून पाहत होते आणि रोगट म्हशी म्हणून आपापली गुरं आत घेत होते. वाघोबाचा दगड तिथेच राहिला. तो कोणाला उचलून नेता येत नाही.

गवळी गेले आणि सांबरं मरतच राहिली. मरणारच होती. मी मनाशी ठरवलं की बोलायचं धैर्य नाही तर नसो, पण ते तळं मी ठेवणार नाही. त्या श्रावणात एका सकाळी धो धो पाऊस पडत असताना मी पहार घेऊन बंधाऱ्यावर गेलो. इस्माईल मागून आला. मी बंधाऱ्याच्या बुडाशी मोरीचे दगड सैल करू लागलो. तो थोडा वेळ पाहत राहिला.

“डॉक्टरसाब,” तो म्हणाला, “बांधकाम तुमचंच ना?”

“माझंच.”

“मग तोडायचा हक पण तुमचाच.” त्यानं माझ्या हातातली पहार घेतली. “सरका. तुमाला डागदरी येते, पहार नाय येत.”

एक मोठा दगड निखळला, पाण्याला वाट मिळाली आणि बाकीचं काम पाण्यानंच केलं. दुपारपर्यंत बंधारा वाहून गेला होता. इस्माईलनं कचेरीत जाऊन सांगितलं की अल्लाची मर्जी, पाऊसच तसा झाला. तो शब्द त्यानं मरेपर्यंत बदलला नाही. पुन्हा बंधारा घालायचं निघालं तेव्हा मी खर्चाची, दगडाची, नाना कारणं सांगून ते मोडून काढलं. मीठ मी वर, कोरड्या उतारांवर टाकू लागलो, दर खेपेला वेगळ्या जागी. बैल बदलले, आणि या वेळी शेण पाहूनच घेतले. सांबरं पुन्हा दऱ्यांत पांगली. ज्यांच्या काळजात किडा होता त्यांतली काही गेली, काही टिकली, पण नवी पाडसं कोरड्या रानात वाढली. दोन-तीन वर्षांत मार्गशीर्षातली सांबरं पुन्हा मार्गशीर्षातल्यासारखी दिसू लागली. एक म्हातारा नर कड्यावरून पडून मेला तो मी फाडला. मूत्रपिंड पांढऱ्या चरबीत बुडालेलं होतं. मी तिथेच दगडावर बसून राहिलो.

आता लोकांना काय दिसलं पाहा. गवळी गेले आणि सांबरं सुधारली. तळं वाहून गेलं होतं ही गोष्ट कोणी त्याच्याशी जोडलीच नाही. त्या दसऱ्याला दरबारात माझ्या खांद्यावर शेला घातला गेला, आणि जंगल गुरांच्या रोगातून मुक्त केल्याबद्दल दोन शब्द बोलले गेले. मी वाकून मुजरा केला. शेला अजून माझ्या ट्रंकेत आहे, कधी पांघरला नाही. स्मरणिकेतला मजकूर त्या दोन शब्दांचाच नातू आहे.

इथे थांबता आलं असतं तर मी ही हकीकत बहुतेक पूर्वीच लिहिली असती.

त्याच हिवाळ्यात एका घोड्याच्या खटल्यात साक्ष द्यायला मला अलिबागला जावं लागलं. धाकू संस्थानाची हद्द ओलांडून थळच्या बाजूला, कोळ्यांच्या वस्तीमागे भाताच्या खाचरांकडेला, सासुरवाडीच्या आधारानं राहिला होता. मी अलिबागला आलो आहे हे कुठूनसं त्याच्या कानावर गेलं आणि त्याचा निरोप आला की म्हशी आजारी आहेत, डाक्तरांना जमलं तर बघून जावं. मी रात्र कशी काढली ते सांगत नाही. सकाळी ठरवून निघालो. वाटेत वाक्यं जुळवली. आज त्याला सगळं सांगायचं, तळ्याचं, बैलांचं, बरणीचं, आणि पाय धरायचे.

म्हशी लांबूनच दिसल्या. कणे वर आलेले, जबड्यांखाली पिशव्या. खाचरांच्या कडेला, बांधामागे, गोडं पाणी साचून राहिलेलं, आणि त्याच्या काठावर म्हशी चरत होत्या. मला चिखलात हात घालायची गरज नव्हती, तरी घातला. गोगलगाई होत्या. सड्यावरच्या वाहत्या पाण्यावर त्या म्हशींनी जन्मात जो रोग पाहिला नव्हता तो त्यांना इथे मिळाला होता, आणि इथे त्यांना मी पाठवलं होतं.

एक म्हैस त्या पहाटे मेली होती. धाकूनं ती फाडायला सांगितली. मी काळीज कापलं. तो शेजारी उकिडवा बसून पाहत होता. पानासारखे किडे बाहेर आले.

“ह्येच का त्ये? सांबरात व्हतं त्ये?” त्यानं विचारलं.

“हेच.”

त्यानं काटकीनं एक किडा उलटवून पाहिला. मग उठला, हात धुतले, आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“डाक्तर, मंग तुमी खरं बोलला व्हता. रोग माज्याच म्हशींत व्हता. मला दिसला न्हाय. मी इतकी वर्सं तुमाला मनात शिव्या घातल्या, बायकापोरांम्होरं घातल्या. त्ये पोटात घाला.”

आणि त्या म्हाताऱ्यानं माझ्यापुढे हात जोडले.

मी तोंड उघडलं. जुळवलेली वाक्यं तोंडात होती. त्याची सून तेवढ्यात पितळीत खरवस घेऊन आली. कळपातल्या त्यातल्या त्यात धडक्या म्हशीचा. धाकू म्हणाला, “वाघोबा लांब राह्यला, डाक्तर. आता पैला वाटा कुनाला द्यायचा त्ये आमाला समजत न्हवतं. तुमीच घ्या.” त्याच्या दोन्ही हातांत पितळी होती. घरातलं कोणी अजून चाखलं नव्हतं, सगळी माझ्याकडे पाहत होती. मी देवाचा वाटा घेतला आणि खाल्ला. मग मी औषध सांगितलं, कळप बांधापासून हलवायला सांगितलं, वाहतं पाणी पाजायला सांगितलं. जे सांगायला आलो होतो ते सोडून सगळं सांगितलं. तो मला पार रस्त्यापर्यंत सोडायला आला. चढावर माझी पिशवीही त्यानंच धरली.

त्यानंतर मी दोनदा थळला गेलो. एकदा त्याच्या घरापर्यंत जाऊन परत फिरलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो गेल्याला महिना उलटला होता, आणि म्हशी विकल्या होत्या. सुनेनं ओळखलं. म्हणाली, बाबा तुमचं नाव घ्यायचे, डाक्तर खोटं बोलत न्हाय म्हणायचे.

जंगलात तो खळगा अजून आहे आणि त्याला अजून डॉक्टरांचं तळं म्हणतात, पाण्याचा थेंब नसला तरी. तिथल्या लोकांना माझी विनंती आहे की ते नाव ठेवा, पण ते कशामुळे पडलं हे विचारलं तर हे सांगा. आणि कचेरीच्या अंगणात मला जो प्रश्न विचारला गेला होता त्याचं उत्तर राहिलं आहे, ते इथे देतो.

नाही. धाकूबाबा, तुमच्या म्हशींना रोग नव्हता. रोग माझ्या तळ्यात होता, आणि ते मला तेव्हा ठाऊक होतं. हात तुम्ही जोडायचे नव्हते. मला क्षमा करा.